दोघी, नाहीतर कोणीच नाही

मुख्याध्यापकांनी ग्रेसला फसवलं. सप्टेंबरपासून विज्ञानाचा वर्ग देतो म्हणाले आणि तो नुकत्याच कॉलेजातून आलेल्या एका गोऱ्या पोरीला दिला.

वर आणखी, नव्या पालकांना शाळा दाखवायच्या संध्याकाळी आम्हा दोघींना दारात उभं केलं. ग्रेस नायजेरियाची. मी औरंगाबादकडची, गणिताची. दोघी या गोऱ्यांच्या देशात बदली शिक्षिका. बाकीचे आपापल्या वर्गात पालकांशी बोलत होते, आम्ही बिस्किटांचे ट्रे धरून. एक बाप आला. ओला कोट ग्रेसच्या हातात कोंबून आत गेला.

मुख्याध्यापक बघत होते. हसले. "ग्रँड, छान. ग्रेस सांभाळेल."

मुख्याध्यापकांशी सौदा मी ठरवला होता. शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलांना आम्ही वर्षभर फुकट शिकवायचं, त्यांनी दोघींना एकेक कायमचा वर्ग द्यायचा. हात मिळवला होता. आम्ही वर्षभर शिकवलंही. आईशेजारी बाजारात भाजी विकून मी बी.एड. केलं. मोडलेला सौदा मला खपत नाही.

मी त्यांच्या ऑफिसात घुसले. "तिचा वर्ग कुठंय?"

"पालकांना जरा सवय होऊ दे."

"कशाची?"

त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "गणिताचा वर्ग तू घे. ग्रेसचं पुढच्या वर्षी बघू."

हा भाव माझ्या ओळखीचा. गावात पाटील आमच्या वस्तीतल्या एकालाच ओसरीवर बसवायचे. बाकीच्यांना अंगणात ठेवणं मग सोपं जायचं. ओसरीवर माझे काका बसायचे. तरीही त्यांचा चहा वेगळ्याच कपात.

बाहेर गाडीपाशी ग्रेस म्हणाली, "सिस्टर, वेडेपणा करू नकोस. घे. एक तरी आत राहील."

"आणि तू?"

"मला काय, आता कोट धरायचा अनुभव आहे."

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली.

मी परत आत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं, दोघी, नाहीतर कोणीच नाही. त्यांना विचार करायलाही वेळ लागला नाही. कोणीच नाही.

ग्रेस आता जवळच्या नास गावातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलते. शाळेत परत येणार नाही म्हणते. मीही समजवायचं सोडलंय. मलाही कुठली शाळा बोलवत नाही. काही बदलेल असं वाटत नाही.

पण माझी मुलगी त्याच शाळेत शिकते. पालकांच्या सभेतून मला कोणी हाकलू शकत नाही. प्रत्येक सभेत मी उभी राहणार, सगळ्यांसमोर विचारणार: मुख्याध्यापक, ग्रेसमध्ये काय कमी होतं? तोंडाने सांगा.