उठण्याची पंगत

चंदीगडच्या विमानतळावर माझ्या नावाची पाटी लावलेली चाकांची खुर्ची उभी होती. मुक्ताने, म्हणजे माझ्या मुलीने, ती मला न विचारता सांगून ठेवली होती. पुण्यालाही अशीच एक होती, पण तिला मी नजर चुकवून ओलांडून गेले. इथे खुर्चीमागचे सरदारजी बेरकी निघाले. माझी चाल बघूनच त्यांनी मला ओळखलं.

"बैठो माताजी."

"मैं चल सकती हूँ," मी म्हणाले आणि हातातली पिशवी खुर्चीत ठेवली.

मग त्या गुळगुळीत फरशीवरून पिशवी ऐटीत पुढे आणि मी लंगडत मागे, अशी आमची मिरवणूक निघाली. चाकांची खुर्ची दिसली की लोक बाजूला होतात. एवढा मान एरवी मंत्र्यांना मिळतो. पिशवीने तो मंत्र्यांपेक्षा शांतपणे स्वीकारला. दारापाशी सरदारजी म्हणाले, "बैग तो नहीं थका माताजी. आपका पता नहीं."

मी सांगलीची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही, आणि ती बसवायची की नाही हे ठरवायला भरणारी सोसायटीची सभा दर वर्षी चहा पिऊन उठते. दोन्ही गुडघे झिजलेत. मांडीचे स्नायू बळकट करा, वजन आवरा, चालत राहा, ऑपरेशनचं नंतर बघू, असं डॉक्टर सांगतात. गेल्या उन्हाळ्यात मी न्हाणीघरात पडले. खालच्या मजल्यावरच्या पाटीलबाई आवाज ऐकून वर धावत आल्या, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जमेल तेवढ्या धावत. मी दार न उघडताच आतून सांगितलं, "डबा पडला." हाडबिड काही मोडलं नव्हतं. तेव्हा सांगण्यासारखंही काही नव्हतं, असं माझं मत.

जावई अभय हवाई दलात आहे, सध्या त्याची नेमणूक इथे. "हवापालटाला ये," असं मुक्ता महिनाभर फोनवर घोकत होती. येण्याचं तिकीट तिनेच पाठवलं. परतीचं विचारलं तर म्हणाली, "ते नंतर बघू."

घर तळमजल्यावर होतं. मला दिलेल्या खोलीतला पलंग खाली लाकडी ठोकळे घालून उंच केलेला. खिडकीशी टेबल, टेबलावर वाचायला चांगला दिवा. न्हाणीघरात कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत ठोकून बसवलेले स्टीलचे दांडे, अजून प्लॅस्टिकचं वेष्टणही न काढलेले. पाहुण्यासाठी कोणी भिंतीला भोकं पाडत नाही. मी त्या दांड्याला धरून उभी राहिले आणि मला सगळं कळलं. माझे गुडघे किती चालतात यावर सांगलीचं घर राहणार की जाणार हे ठरायचं होतं, आणि परीक्षा सुरू झाली होती.

*

चंदीगडचा नकाशा आधी झाला आणि गाव नंतर. पत्ते सेक्टरच्या आकड्यांत. "मैं पंद्रह में रहती हूँ," असं कोणी सांगितलं की बाई वयाबद्दल बोलत नाहीत हे समजायला मला थोडा वेळ लागला. रस्ते सरळ, रुंद, झाडांच्या सावलीतले. सगळे म्हणतात शहर सपाट आहे. तसं ते नाही. शिवालिकच्या टेकड्यांकडून ते हळूच उतरत येतं. डोळ्यांना तो उतार दिसत नाही, पण माझ्या उजव्या गुडघ्याने समोच्चरेषा पहिल्याच दिवशी काढून दिल्या.

अभयने हौसेने सरकारी इमारतींचा तो जगप्रसिद्ध परिसर दाखवायला नेलं. माणूस किती लहान आहे हे पटवण्यासाठी केवढं काँक्रीट! दोन इमारतींच्या मध्ये एवढं अंगण की नोकरीच्या आरंभी निघालेला कारकून पलीकडे पोचेपर्यंत निवृत्त व्हावा. मार्गदर्शक तरुणी सावली आणि अवकाश यांच्यातल्या संवादावर बोलत होती. मी बाक शोधत होते. मला तरी एकही दिसला नाही. ज्याने हे सगळं आखलं त्याचे गुडघे उत्तम असणार.

मी भारावून जाणाऱ्यांतली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सुखना तळ्यावर जे झालं त्याने मीच चकित झाले.

फेब्रुवारीतलं धुकं पाण्यावरून वर उठत होतं. टेकड्या आधी निळ्या, मग राखाडी, मग एकदम जवळ आल्यासारख्या. त्या काठाच्या लांबलचक वाटेवर, जिथवर नजर पोचत होती तिथवर, म्हातारी माणसं चालत होती. निवृत्त कर्नल, सलवारीवर स्वेटर घातलेल्या आज्या, काठ्या, वॉकर, गुडघ्याचे पट्टे. कोणी डुलत, कोणी एक पाय ओढत. कोणाचीच चाल दुसऱ्यासारखी नव्हती, आणि थांबलेलं कोणी नव्हतं. आमच्याकडे या वयाची माणसं सकाळी खिडकीत असतात. इथे सगळं गाव आपापली दुखणी घेऊन उजेडात आलं होतं, आणि लाजत नव्हतं. मी कठड्याला टेकून बराच वेळ नुसती बघत राहिले.

शेजारच्या बाकावर एक धिप्पाड बाई हातांची घडी घालून बसत होत्या, उठत होत्या, पुन्हा बसत होत्या. माझ्याकडे न बघताच त्या बोलल्या, "देखने से गोडे ठीक नहीं होते, भैणजी." (गोडा म्हणजे पंजाबीत गुडघा. गोड असं त्यात काही नाही.)

या सतवंत कौर. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि मुख्याध्यापिका कधीच पुरत्या निवृत्त होत नाहीत. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "ये वाला डॉक्टर ने दिया, ये वाला रब ने. दोनों की आपस में बनती नहीं." त्यांनी पिशवीतून पिन्नी काढून माझ्या हातावर ठेवली (कणकेचा, तूप आणि डिंक घातलेला लाडू). हिने गुडघ्यांना वंगण मिळतं अशी त्यांची खात्री. वजनाचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

त्या दिवसापासून आम्ही रोज भेटू लागलो. हात न टेकता बाकावरून उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला मी बसायचे ती धप्पकन, पोतं टाकल्यासारखी. "बोरी नहीं है, टीचर है," सतवंतजी ओरडायच्या. दुखणं गेलं नाही. पण उठताना पलंगाला धरण्याआधी आता मी जरा थांबून बघू लागले, लागतंय का ते.

*

रविवारी सतवंतजींनी आम्हाला त्यांच्या सेक्टरमधल्या गुरुद्वारात लंगरला बोलावलं. अभय ड्यूटीवर होता. मुक्ता, नात इरा आणि मी गेलो. डोक्यावर ओढणी घेऊन आत गेलो आणि पहिल्याच क्षणी कानावर शब्द पडला, "पंगत". तोच शब्द, तोच अर्थ. सांगलीपासून इतक्या दूर येऊन आपल्या घरातलं भांडं दुसऱ्याच्या फडताळात दिसावं तसं वाटलं.

प्रचंड दालनात लांबच लांब सतरंज्या. मागे भिंतीशी गुडघेवाल्यांसाठी बाक.

"आजी, बेंच पे बैठो ना, सब दादियाँ बैठी हैं," इरा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"आई, खरंच बाकावर बस," मुक्ता म्हणाली.

मला त्या बाकाला स्टीलचे दांडे दिसू लागले. आणि पंगत म्हणजे मांडी, हे आमच्याकडे लहानपणीच अंगात मुरवतात. पंगतीत खुर्ची मागणं म्हणजे हार. "मी बसते खाली," मी म्हणाले आणि एका हाताने खांब धरून खरंच बसले. एक पाय दुमडला, दुसरा पसरला. सतवंतजी कुरकुरत माझ्या शेजारी टेकल्या. मुक्ता आणि इरा समोरच्या रांगेत.

"परशादा जी, परशादा!" परशादा म्हणजे पोळी. मी सवयीने ताट पुढे केलं. वाढणारे गृहस्थ वाकून तसेच थांबले. "दोनों हाथ," सतवंतजी पुटपुटल्या. मी ओंजळ पुढे केली आणि गरम पोळी हातात पडली. काळी डाळ, भाजी, खीर. शेजारी एक मोटारवाले, पलीकडे इंडस्ट्रियल एरियातले कामगार, सगळ्यांच्या ओंजळी सारख्याच पसरलेल्या. कोण कोण आहे याचा कुठे फलक नाही, भाषण नाही, हार नाही. एवढं मोठं काम इतक्या कमी बडेजावात चाललेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

जेवणं झाली. रांग उठू लागली. पलीकडून फरशी पुसणारे लोक पुढे सरकत येऊ लागले, दारात पुढची पंगत उभी. मी खांबाकडे हात नेला आणि जोर केला. काही झालं नाही. पुन्हा केला. उजवा गुडघा जागचा हलेना. समोरून मुक्ता उठून येताना दिसली, आणि तिच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल दिसला.

"तू रुक, पुत्तर," सतवंतजींनी तिला हात दाखवला. मग माझ्याकडे वळल्या. "चलो भैणजी, मुझे उठाओ."

"मी? मीच उठू शकत नाही," मी गडबडीत मराठीतच म्हणाले. त्यांना ते कळायला भाषा लागली नाही.

"मैं भी अकेली नहीं उठ सकती. कौन उठता है यहाँ अकेला? देखो."

मी बघितलं. आमच्या रांगेतल्या वयस्कर बाया अजून बसलेल्याच होत्या. त्या एकमेकींकडे वळत होत्या. एका कुशीवर, मग दोन्ही हात जमिनीवर, मग गुडघ्याखाली शालीची घडी, मग बरा पाय पुढे. आणि मग समोरचीचा दंड कोपराजवळ पकडायचा. "हाथ नहीं, बाजू. हाथ फिसलता है," सतवंतजी म्हणाल्या. कोणी कोणाला 'मदत करू का' विचारत नव्हतं, कोणी आभार मानत नव्हतं. बाजूला जी बसली असेल ती तुमची जोडीदार, एवढंच ठरलेलं.

मी कुशीवर झाले. सांगलीतल्या कोणी मला त्या अवस्थेत, गुरासारखं चार पायांवर, पाहिलं असतं तर मी गाव बदललं असतं. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. सतवंतजींचा दंड धरला, त्यांनी माझा. "वाहेगुरू!" आणि आम्ही दोघी, मध्ये एकदा पुरत्या डगमगून, उभ्या राहिलो. तिकडे रांगभर जोड्या उभ्या राहत होत्या. पांढऱ्या केसांची, कण्हणारी, हसणारी ती सगळी रांग जमिनीतून वर आली. त्या सरकारी परिसरातल्या काँक्रीटसमोर मला काहीच वाटलं नव्हतं. इथे मी सतवंतजींचा दंड सोडायचंच विसरले.

बाकावरचे एक आजोबा ओरडले, "सतवंत, रोज बैठेगी तो दूसरा भी बदलवाना पड़ेगा!"

"रोज कौन बैठता है? हफ्ते में एक बार. बस याद रहे कि उठना कैसे है!"

*

परतताना मुक्ता गाडी चालवत होती. मागे इराला डुलकी लागली होती. एका चौकाशी मुक्ता म्हणाली, "आई, उन्हाळ्यात कुठला डबा पडला होता गं?"

मी खिडकीबाहेरची झाडं बघू लागले. चंदीगडमध्ये झाडं भरपूर आहेत.

"पाटीलकाकूंनी फोन केला होता मला. म्हणाल्या, डबा पडल्यावर 'आई गं' म्हणत नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले." तिने गिअर बदलला. "मला तुझ्या गुडघ्यांची भीती नाही वाटत. झिजतात सगळ्यांचेच. तू आतून कडी लावून 'डबा पडला' म्हणतेस, त्याची वाटते. म्हणून ते दांडे बसवले."

बोलण्यात आमचं वळण चुकलं. चौकाला पुन्हा वळसा घालावा लागला.

"मारीन हाक," मी म्हणाले.

"कोणाला?"

"पाटीलबाईंना. त्यांचेही गुडघे गेलेत."

"आज बघितलं म्हणून म्हणतेयस?"

"हो. बघितलं म्हणूनच."

घराशी गाडी थांबवून मुक्ता म्हणाली, "मार्चअखेरपर्यंत राहा. तळ्यावर जा, त्या आंटींकडून चांगली घोटून घे. मग परतीचं काढते. आणि दांडे मी काढणार नाही हं."

"नकोच काढू. अंघोळीला बरे पडतात."

*

निघताना विमानतळावर तेच सरदारजी होते. मी खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेतली. "आज बैग थक गया?" त्यांनी विचारलं. लांबच लांब फरशीवर पाय वाया घालवायचे नाहीत, ते घरच्या जिन्यासाठी राखायचे, एवढा हिशेब मला आता जमत होता.

सांगलीत टॅक्सी इमारतीपुढे थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. चालकाने बॅग आणून जिन्याच्या पहिल्या पायरीशी ठेवली आणि तो गेला. जिना होता तेवढाच होता. मी चंदीगडला असताना तो काही कमी झालेला नव्हता. मी कठडा धरला. मग सोडला, अंगणात दोन पावलं मागे आले आणि वर बघून हाक मारली. इतक्या वर्षांत या अंगणातून मी कोणाला हाक मारलेली मला आठवत नाही. ती जरा जास्तच मोठी झाली.

"पाटीलबाई!"

पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. "अगं बाई! काय पडलं?"

"काही नाही पडलं. मी आलेय. खाली या, वर जायला हात द्या."

"मी? अहो, मला उतरायचं म्हणजे... माझे गुडघे..."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला बोलावतेय."

खिडकी लागली. मग आतून चपला शोधल्याचा आवाज आला, आणि जिन्यात, एकेक पायरी थांबत थांबत, पावलं उतरू लागली.