चालता भूगोल

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. निवृत्तीच्या समारंभात ‘चालत्या वर्गाचे जनक’ म्हणून माझ्या गळ्यात हार पडला, तेव्हाही मी मान खाली घालून बसलो आणि लोकांना तो माझा विनय वाटला. चालता वर्ग माझा नव्हता. तो आमच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या भूगोलाच्या मास्तरांचा होता, आणि बसण्याचं एवढं वावडं असलेला दुसरा माणूस अख्ख्या माळव्यात झाला नसेल.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी ते साताऱ्याकडून उज्जैनला नोकरीसाठी आले. टावर चौकात पोहे खातानाही हातात पानाचा दोना घेऊन चौकाला प्रदक्षिणा घालायचे. कृष्णाकाठच्या या माणसाला क्षिप्रा उत्तरेकडे वाहते हे पटेना; एक अख्खा रविवार काठाने चालून आले तेव्हा म्हणाले, “खरंच हो, बाई उलटीच निघालीय!” हिंदी तर इतकं कच्चं, की खुर्चीत बसले की पहिल्याच वाक्याला अडायचे. उठून चालू लागले की तेच हिंदी, लंगडत का होईना, धावायला लागायचं. आम्ही पिढ्यान्पिढ्या इथलेच मराठी. माझं हिंदी अस्खलित, आणि पोरं झोपायची माझ्याच तासाला. मास्तरांच्या तासाला मात्र पोरं स्वतः नद्या होऊन मैदानभर वळणं घ्यायची.

इकडच्या रीती त्यांना चालता चालताच कळल्या. भैरवगढला एका विद्यार्थ्याच्या घरी गेले, तर कापडावर ठसे उमटवणारा त्याचा बाप म्हणाला, “बैठो माटसाब, हमारे यहाँ खड़े-खड़े तो सिर्फ पुलिस आती है.” मास्तर म्हणाले, “तुम भी तो खड़ा है!” तो खरोखरच लांब मेजाच्या कडेने एकेक पाऊल सरकत ठसे मारत होता. दोघे हसले, आणि मास्तर त्याच्या मागोमाग पाऊल टाकत अर्धा तास शिकले. दुसऱ्या दिवसापासून पोरं पावलागणिक एकेक गाव म्हणत नकाशा पाठ करू लागली.

राज्यपुनर्रचना झाली तेव्हा त्यांनी मैदानावर चुन्याने जुन्या मध्य भारत राज्याचा नकाशा आखला आणि पोरांची शहरं केली. मग तो पुसून मोठा मध्य प्रदेश आखला. इंदूर झालेला पोरगा जागचा हलेना. “माटसाब, मैं नी हटूंगा. राजधानी तो मैं हूँ!” मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मी पण सातारा सोडून आलो रे. चल, नव्या राजधानीला, भोपालला, हात देऊन ये.” पोरगा रडत रडत गेला, पण नवं राज्य सगळ्या वर्गाला कायमचं समजलं.

त्याच हिवाळ्यात नव्या सरकारचे इन्स्पेक्टरसाहेब आले. मास्तरांची नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ती साहेबांच्या शेऱ्यावर होती. साहेबांनी वर्गाला बाकांवर बसवून विचारलं, “हमारे प्रदेश के पड़ोसी राज्य बताओ.” बसल्या जागी कुणाला एकही आठवेना. इंदूरवाला उठून पाऊल टाकू लागला, तर साहेब ओरडले, “बैठ जाओ!” मी दारात उभा होतो. ‘साहेब, त्यांना चालू द्या,’ एवढं म्हटलं असतं तर पोरांनी धडाधड सगळं सांगितलं असतं. मला ते ठाऊक होतं. मी बोललो नाही. बाहेर आल्यावर साहेबांनी मला विचारलं, “आप क्या सोचते हैं इनके बारे में?” मी हसून म्हणालो, “बच्चों का मनोरंजन अच्छा हो जाता है.”

मास्तर कायम झाले नाहीत. मेहेरबानी म्हणून त्यांना दूरच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. दिवसभर खुर्चीत बसायचं काम.

त्यांना निरोप द्यायला देवास गेटच्या मोटार स्टँडवर मी एकटाच गेलो. गाडी सुटेपर्यंत ते तिच्याभोवती फेऱ्या मारत होते आणि मी मागे मागे. “अहो उज्जैनकर, माझ्या पोरांना चालवाल ना?” मी म्हटलं, “हो.” ते नाइलाजाने आत जाऊन बसले. गाडी हलली तसा माझा धीर झाला. ‘मास्तर, माझं चुकलं,’ हे म्हणायला मी खिडकीला धरून सोबत चालू लागलो. त्यांचा चेहरा एकदम खुलला. “अरे वा, चालताय! मोजा, मोजा! किती पावलं झाली?”

मी म्हणालो, “सव्वीस.”