चौथ्या मजल्यावरचा बल्गेरियन सिनेमा

माझ्या मुलीला सिनेमा बघायला मी शिकवलं, असं मी वर्षानुवर्षं ऐकेल त्याला सांगत आलो. नाशिकला कॉलेजात असताना मी फिल्म सोसायटी चालवायचो. पुढे नोकरीसाठी कुवेतला आलो, सालमियात भाड्याने फ्लॅट घेतला, दिवसभर पंप आणि व्हॉल्व्ह बघू लागलो, पण शुक्रवारची दुपार सिनेमाची, हा नेम मोडला नाही. जेवणं उरकली की मी आणि मुलगी सोफ्यावर. दर दहा मिनिटांनी मी सिनेमा थांबवायचो आणि आत्ता काय पाहिलं ते तिला समजावून सांगायचो. ती हूं हूं करायची.

ती बारावीत गेली त्या वर्षी आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक बल्गेरियन बाई राहायला आल्या. इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होत्या. बायकोचा आखडलेला खांदा त्यांनी आमच्याच हॉलमध्ये मोकळा करून दिला. बोलता बोलता कळलं, की त्यांची आई सोफियाच्या सरकारी स्टुडिओत फिल्म कापण्याजोडण्याचं काम करायची. तेही साठ-सत्तरच्या दशकांत, म्हणजे तिथल्या सिनेमाच्या ऐन बहराच्या काळात. त्या काळातले बरेच सिनेमे बाईंच्या हार्ड डिस्कवर होते. मुलीने विचारलं, "कॅन आय सी, आंटी?" झालं. पुढच्या शुक्रवारपासून सोफ्यावर मी एकटा.

माझ्या पोटात दुखू लागलं, हे सरळच सांगतो. बाईंचा राग आला, त्यांच्या आईचा आला, आणि त्या देशाचाही आला. मुंबईपेक्षा कमी माणसं असलेला देश, आणि तिथे म्हणे कवी पटकथा लिहीत होते! सरकार पैसे देत होतं, आणि तेच सरकार नको ते दिसलं की सिनेमा वर्षानुवर्षं डब्यात बंद करून ठेवत होतं. हे सगळं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. आवडीने नव्हे, बाईंवर मात करायला.

मग एका शुक्रवारी चिवड्याचा डबा घेऊन मीही वर गेलो. सिनेमा काळापांढरा, सबटायटल्स नाहीत. एक म्हातारं जोडपं गावातलं घर बंद करून शहरात मुलाकडे निघालं होतं. मी लगेच सुरू केलं. सत्तरच्या दशकात तिथली गावं कशी ओस पडत होती, शहरात आलेली माणसं त्या सिनेमांत का दिसतात, वगैरे. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. बघू दे ना." घरात इंग्रजीशिवाय न बोलणारी पोर, मराठीत म्हणाली.

सिनेमा संपल्यावर ती बाईंना इंग्रजीत म्हणाली, "आजीने दोरीवरचे कपडे काढलेच नाहीत. म्हणजे तिला जायचं नव्हतं."

बाईंचे डोळे भरले. तो शॉट लांब ठेवावा म्हणून त्यांची आई दिग्दर्शकाशी भांडली होती. त्यांनी मुलीला जवळ घेतलं. कपडे मला दिसलेच नव्हते. मी बोलत होतो. इतक्या वर्षांत माझ्यासोबत बघताना मुलीने मला न दिसलेलं काही दाखवलं नव्हतं. दाखवायला मी जागाच ठेवली नव्हती, हे मला तेव्हाच कळलं आणि त्यामुळे जळफळाट आणखी वाढला.

फेब्रुवारीत बाईंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मुलीला बोलवायचं तर त्या आधी आम्हा दोघांपैकी एकाला विचारायच्या, तिला परस्पर मेसेज कधी करायच्या नाहीत. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "हा शेवटचा शुक्रवार. तिच्यासाठी आईचा सगळ्यात आवडता सिनेमा राखून ठेवलाय. पाठवाल ना?"

"नक्की," मी म्हणालो. आणि घरी येऊन काही बोललो नाही.

त्या शुक्रवारी मी मुलीला समुद्रावर फिरवलं, मासे खाऊ घातले, मॉलमध्ये सिनेमाला नेलं. सबंध सिनेमाभर तोंडातून शब्द काढला नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी सुखात होतो. रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या दिवशी, बाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा सुट्टी टाकून मी एकटाच घरी होतो. "आली नाही ती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "परीक्षेचा अभ्यास." "बरोबर आहे तिचं," म्हणाल्या, आणि गेल्या.

शाळेतून आल्यावर मुलीला कळलं. ती म्हणाली, "मला न भेटताच गेल्या? माझं काही चुकलं का, बाबा?"

"मोठी माणसं विसरतात गं," मी म्हणालो.

आता ती पुण्याला शिकते. एखादा सिनेमा पाहिलास का, असं विचारलं की "नॉट रिअली" म्हणते. बाईंचा नंबर बायकोच्या फोनमध्ये आहे. मुलीने तो दोनदा मागितला, आणि दोन्ही वेळा बायकोला बाजूला सारून मीच सांगितलं, की तो बंद झालाय. बंद झालेला नाही. पण त्यावर फोन लागला, की पहिल्या दोन मिनिटांत तिला कळेल, तिला बोलावलं होतं.