वास्तव्य : भाजीबाजार, दुसरी पायरी

रंगभूमीवर चाळीस वर्षं मी राजे, सेनापती आणि एकदा तर साक्षात समुद्रही झालो. पण जनावरांच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे जो प्रवेश पाहिला, तसा मला कधी साधला नाही.

तिथल्या ताई सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर. केसपेपरचा पहिला रकाना 'मालकाचे नाव'. तो रिकामा असला की ताई शिरस्त्याप्रमाणे 'बेवारस' लिहायच्या आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी जायचा. मालकवाल्यांचं आटोपून वेळ उरला, तर डॉक्टर बघणार.

त्या सकाळी मी मांजर मांडीवर घेऊन रांगेत बसलो होतो. भाजीवाली मावशी गोणपाटात एक कुत्री घेऊन आली. मागचा पाय टेम्पोखाली चिरडलेला, रक्त थांबत नव्हतं. ताईंनी सवयीने 'बेवारस' लिहिलं.

"बेवारस कशी हो?" मावशी म्हणाली. "अकरा वर्षं बाजारातल्या दुसऱ्या पायरीवर राहते. तुमच्या डॉक्टरांपेक्षा जुनी आहे इथं."

रांगेत हशा पिकला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी कागद फाडला, नवा घेतला. 'मालकाचे नाव' खोडून वर 'रुग्ण' लिहिलं. खाली, 'वास्तव्य : भाजीबाजार, दुसरी पायरी, अकरा वर्षे. सोबत : भाजीवाली मावशी.' आणि स्वतः उठून तो कागद सगळ्यांत वर ठेवून आल्या.

डॉक्टर तणतणत बाहेर आले. "ताई, मालक कोण?"

"मालकाला काही झालेलं नाही, साहेब. जिला झालंय तिचं लिहिलंय."

"वरून विचारणा झाली तर?"

"माझं नाव सांगा."

मी म्हणालो, "आमचा नंबर तिला द्या. आम्हाला नुसत्या शिंका आहेत." मागचा बकरीवाला पुटपुटला, "आमचाही द्या."

पाय गेला, कुत्री वाचली. विचारणा झालीच. चौकशीला आलेल्या मोठ्या साहेबांपुढे ताईंनी तळाशी राहून गेलेल्या कागदांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येकावर 'बेवारस'.

"अक्षर माझंच आहे," एवढंच त्या बोलल्या.

साहेबांनी एकेक कागद उलटून पाहिला आणि जाताना गठ्ठा सोबत नेला.

तीन महिन्यांनी नवे छापील केसपेपर आले : 'रुग्ण', 'वास्तव्य', 'सोबत'. नंबर जखमेप्रमाणे.

पहिल्याच दिवशी एक शेठ ऐटबाज कुत्रा घेऊन खिडकीशी आले. "मी मालक. माझं नाव कुठं लिहिणार?"

"'सोबत'मध्ये," ताई म्हणाल्या. "आणि जरा बाजूला व्हा, पेशंटला पुढे येऊ द्या."