कुरवंड्याच्या कड्यावरचे काळे पट्टे

तर नारळ उभा राहिला म्हणजे खाली पाणी असतंच, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून आमच्या खाचरात फेरी मारली, नारळ उभा राहिला, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोअर घ्यायचं ठरवून टाकलं. वरच्या कड्यावर ऐन मे महिन्यात काळे पट्टे दिसतात, म्हणजे आत झरा आहे, हा त्यांचा दुसरा पुरावा. पैसे मात्र माझे. फोनवर भांडून भागेना, म्हणून पाच दिवसांची रजा टाकून निघालो.

मी कच्छमध्ये जीप चालवतो. तिथली काही माती मंगळासारखी आहे म्हणे, ती तपासायला येणाऱ्या शास्त्रज्ञांना फिरवतो. माझी शाळा आठवीत सुटली, पण त्यांचं बोलणं ऐकून थोडं कळायला लागलंय.

भुज ते कल्याण, तिथून लोणावळा. दीड दिवस जातो. स्टेशनवरून आमच्या कुरवंड्याला रिक्षावाला तीनशे सांगतो, अडीचशेला येतो. नागफणीच्या सुळक्यावर जाणाऱ्यांनी बाटल्या लोणावळ्यातच भरून घ्याव्यात. आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी मागू नका. देताना आईचा हात आखडतो आणि मग तिलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांबरोबर कड्याकडे चढलो. तासभर करवंदाच्या जाळ्यांतून वाट. चालता चालता मी त्यांना सांगितलं, मंगळावरही उन्हाळ्यात उतारांवर असे काळे पट्टे उमटतात. आधी पाणीच वाटलं होतं. आता बरेच जण म्हणतात, कोरडी वाळू घसरते.

"तुज्या सायबानं तितलं पानी पिलंय का कदी?"

"न्हाई आबा. कुनीच न्हाई."

"मंग तू न बगता हितं न्हाई कसं म्हनतुस?"

मी पट्ट्याला हात लावला. कोरडा ठक्क. पावसाळ्यातल्या शेवाळाची वाळलेली खपली, नखानं खरवडली तर भुकटी. आबांनी हात लावून पाहिला, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. शेवटी तळहात गालाला लावून म्हणाले, "गार लागतंय."

सावलीतला दगड गारच असतो. मी नखातली भुकटी झटकली.

रात्री जेवायला पिठलं-भाकरी होती. आई हळूच म्हणाली, "नगं आडवूस त्यांना. कळशी घिऊन येताना आता वाटंत दोनदा खाली बसत्यात. सांगत न्हाईत कुनाला."

परत येऊन आठ दिवस झाले. गावाहून काय आणलंस, असं इथले विचारतात. सांगण्यासारखं काही नाही. भांडायला गेलो होतो, ते भांडण तिथेच कुठेतरी राहिलं.

काल आबांनी बोअरची गाडी बोलावलीच. दोनशे फुटांपर्यंत नुसता धुरळा. मग त्यांचा फोन आला, मशीनच्या आवाजात ओरडत होते, "वली भुकटी आली रं! आजून शंभर फूट जाऊ का?"

धुरळा बसावा म्हणून बोअरवाले वरून पाणी सोडतात, हे मला माहीत आहे. विचारलं, "वरनं पानी सोडलंतं का?"

मशीनचा आवाज जरा लांब गेला.

"थोडं," आबा म्हणाले.

फुटाला एकशे वीसचा दर आहे. बारा हजार पाठवतोय.