शंभरच्या बल्बमागची तार

धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत आमच्या होमगार्ड महिला पथकाची ड्युटी चोरखमारा तलावाच्या कालव्यावर लागली. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. खालच्या गावाची पाण्याची पाळी असली की वरचे लोक गेट उघडत आणि मारामाऱ्या होत. पोलीस कमी पडत, म्हणून आम्हाला लाठी देऊन उभं केलं. मी सौंदडची, शाळा चौथीपर्यंत. भरतीला बायका मिळत नव्हत्या, म्हणून चौथी चालली.

माझ्याकडे वायरलेस सेट होता. तो आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्या बिसेन उस्तादांनी दिला. ते सैन्यातल्या सिग्नलमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सेट घेणाऱ्या प्रत्येकीला आधी गणित करावं लागे. बॅटरी बारा व्होल्टची. बोलताना सेट दोन अँपिअर ओढतो. बारा भागिले दोन, रोध सहा ओहम. बारा गुणिले दोन, पॉवर चोवीस वॉट. भागाकार-गुणाकार चौथीत झाला होता, त्यामुळे मला जमलं. पथकातल्या सगळ्यांनाच जमलं.

माझ्या जोडीला कामठ्याची शेवंता गजभिये होती. मी कमी बोलते. सेटवर मात्र बोलावंच लागतं, आणि ओव्हर म्हटल्याशिवाय पलीकडचा बोलत नाही. त्यावरून शेवंता चिडवायची.

"काऊन वो, घरी बी असंच करतेस का? ओव्हर म्हनल्याबिगर नवरा बोलतच नसन."

"गप ना बाई."

"ओव्हर म्हन, मंग गप होतो."

शेवंता रोवणीला जायची, धानाचं पोतं एकटी डोक्यावर घ्यायची. मैदानावर धावताना आम्ही बसून जायचो, ती पुढे निघून जायची. हे मुद्दाम लिहिते आहे.

त्या सकाळी ऊन पडलं होतं. गेटपासून गस्त घालत आम्ही कालव्याच्या पाळीवरून, काठच्या उंचवट्यावरून निघालो. एका बांधीचा धुरा, म्हणजे धानाच्या शेताचा बांध, फुटून पाणी वाहून चाललं होतं. कोणी मुद्दाम फोडला का हे बघायला शेवंता खाली उतरली. गुडघाभर धान, पोटरीभर पाणी. चार पावलं गेली आणि आवाज न करता आडवी झाली.

धानात खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर उघडी तार. रानडुकरांसाठी लावलेली. रात्री सोडलेला करंट सकाळी कोणी काढलाच नव्हता.

मी सेट उघडला.

"कंट्रोल, शेवंताला करंट लागला. तार तिच्या पायावर आहे. ओव्हर."

पलीकडे उस्ताद होते. "तिला हात लावू नको. पाण्यात उतरू नको. सप्लाय कुठून आहे? ओव्हर."

"खांबावरच्या तारेवर आकडा टाकलाय."

"सुक्या लाठीनं आकडा पाड. मग कळव."

मी धावले. खांबापाशी तार मध्ये तोडून एक बल्ब बांधलेला होता, शेतात जाणारा करंट त्यातूनच पुढे जात होता. आतली तार नुसती लालसर झाली होती. मी लाठीनं आकडा पाडला. बल्ब विझला. मग उतरून तिला ओढून पाळीवर आणलं. उस्तादांनी शिकवलं होतं तशी छाती दाबत राहिले. जीप आली तेव्हाही दाबत होते. डॉक्टरांनी सांगितल्यावर थांबले.

शेताचा मालक बांधावर येऊन बसला होता. सरपंचाचा मेहुणा. तो म्हणाला, "मी बल्ब लावलो होतो बाई. शंभरचा. बल्ब करंट खाते. डुक्कर निस्तं पळते."

तिकडे सगळे तसंच समजत. मध्ये बल्ब बांधला की तार निर्धोक झाली.

चौकशीला वरून साहेब आले. त्यांनी आम्हाला शाळेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, बल्ब मध्ये होता, करंट नावापुरता गेला, बाईचं हृदय कमजोर असावं. म्हणजे नैसर्गिक मृत्यू. कोणावर केस नाही. ड्युटीवर कामी आली असंही नाही.

उस्ताद उठले आणि फळ्यावर लिहू लागले. बल्ब शंभर वॉटचा, लाइन दोनशे तीस व्होल्टची. भागाकार केला की बल्बचा करंट शून्य दशांश त्रेचाळीस अँपिअर. दोनशे तीसला त्यानं भागलं की बल्बचा रोध सुमारे पाचशे पस्तीस ओहम. ओल्या माणसाचा रोध हजार धरा. बेरीज पंधराशे पस्तीस. दोनशे तीस भागिले पंधराशे पस्तीस, शून्य दशांश पंधरा अँपिअर.

"माणूस मरायला याहून कमी पुरतो, साहेब. आणि हिनं बघितलं तेव्हा बल्ब नुसता लालसर होता, पुरता तापला नव्हता. तेव्हा त्याचा रोध याहून कमी, करंट जास्त."

मी मनात पुढे केलं. शून्य दशांश पंधरा गुणिले हजार, तिच्या अंगावर दीडशे व्होल्ट. दीडशे गुणिले शून्य दशांश पंधरा, साडेबावीस वॉट. माझ्या पाठीवरच्या सेटला त्याहून जास्त लागत होते.

साहेब म्हणाले, "गणित बरोबर आहे. मी पण सायन्सचाच आहे. बसा."

"मग रिपोर्ट?"

"बसा म्हटलं ना."

त्यांना कळत नसतं तर मला इतका राग आला नसता. फळा पुसायला त्यांनी मलाच सांगितलं. मी पुसला नाही. दुसऱ्या कोणी पुसला.

नंतर कामठ्याला गेले तर शेवंताची सासू विचारते, "तिले छातीचा रोग होता म्हन्तेत. आमाले कायले नाई सांगितलं तिनं?"

"नव्हता, माय. खोटं सांगून रायले."

पुढच्या वर्षी वर्धापनदिनाची परेड झाली. ड्युटीवर कामी आलेल्यांची नावं वाचतात, त्यासाठी पथक तीन रांगांत उभं राहिलं. पहिल्या रांगेत माझ्या उजवीकडची जागा शेवंताची. ती आम्ही सोडली. आधी कोणी काही ठरवलं नव्हतं.

"जागा भरून काढ," चौकशीला आलेले तेच साहेब मला म्हणाले.

कोणी हललं नाही.

"ऐकू आलं नाही का? उजवीकडे सरक."

मी जागेवरच राहिले. मागच्या रांगाही. साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. नावं वाचली. तिचं नव्हतं.

मी खाकी उतरवली त्या वर्षापर्यंत ती जागा दर परेडला रिकामी राहिली. नव्या आलेल्या मुलींनाही कोणाची ते सांगितलं: शेवंता गजभिये, कामठा. कालव्याच्या ड्युटीवर करंट लागून मेली. हृदय चांगलं होतं.