दुसऱ्या फांदीवरचं ऑफिस

आमच्या साडूंच्या हाती एखाद्याचा फोन नंबर लागला, की तो माणूस कामातून गेला. मग तो चंद्रपूरचा वकील असो, आलापल्लीच्या बसचा कंडक्टर असो, की चुकून राँग नंबर लागलेली हैदराबादची कुणी बाई असो. दुसऱ्या दिवसापासून त्याला पहाटे 'सुप्रभात' येणार, सुप्रभाताखाली साडूंचा हात जोडलेला फोटो येणार आणि फोटोखाली मोहफुलाच्या लाडवांचा भाव येणार. माझी बायको त्यांच्या बायकोची थोरली बहीण. एवढ्या अपराधापायी मी त्यांच्या सात व्हॉट्सॲप गटांत आहे. त्यातल्या एकाचं नाव 'विदर्भ उद्योजक शिखर मंच' असं असून त्यात मी, माझी बायको, साडू आणि साडूंचाच दुसरा नंबर असे चौघे दिग्गज आहोत. मी शाळामास्तर आहे, उद्योजक नाही, असं मी एकदा नम्रपणे कळवलं. उत्तर आलं, "भाऊ, उद्योजक हा मनानं असते. तुम्ही फक्त लाईक करत जा." त्याच दिवशी मी सातही गटांचा आवाज बंद करून टाकला.

साडूंचं गाव भामरागडच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, नाल्यापलीकडे. तिथे टॉवरचा सिग्नल जमिनीपर्यंत पोचतच नाही. गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाच्या दुसऱ्या फांदीपर्यंत तो येतो आणि तिथेच मुक्काम करतो. शहाण्या माणसानं अशा गावात ऑनलाइन धंद्याचा नाद सोडला असता. साडूंनी झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली, फांदीवरून दोरी सोडली आणि दोरीला बांबूची टोपली बांधली. खाली बसून मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, फोन टोपलीत ठेवायचा आणि दोरी ओढून टोपली वर चढवायची. वर टिंगटिंग झालं की टोपली खाली घ्यायची, आलेलं वाचायचं, उत्तर लिहायचं, पुन्हा टोपली वर. लाडवात गूळ आहे की साखर, एवढं एका गिऱ्हाइकाला सांगण्यात अर्धी सकाळ जाते. व्हिजिटिंग कार्डावर 'मुख्य कार्यालय' म्हणून याच झाडाचा पत्ता छापला आहे, फांदीसकट. एकदा तर त्यांनी थेट प्रक्षेपण केलं. फोन अर्थातच वर. आम्ही चंद्रपुरात बसून पाऊण तास मोहाची पानं पाहिली, मध्ये एक मुंगळा येऊन गेला, आणि खोल खालून साडूंचा आवाज येत होता, "दिसून राह्यलो का मी? दिसत असन तं शेअर करा!" माझ्या बायकोनं ते शेअर केलं. बहिणीच्या नवऱ्याचं मन ती कधी मोडत नाही.

पुढे त्यांना कळलं, की नुसता माल दाखवून भागत नाही, मोठमोठ्या लोकांत ऊठबस पाहिजे. मग ते नोकरीधंद्याच्या त्या साइटवर गेले, जिथे प्रत्येक जण स्वतःचंच अभिनंदन अतिशय विनयानं करत असतो. साडूंनी पहिल्याच आठवड्यात तिथला सूर पकडला. 'आज आमचा बैल चिखलात बसला. उठेना. त्याने मला नेतृत्वाच्या तीन गोष्टी शिकवल्या.' पुण्याच्या कुणा मॅनेजरनं त्याखाली 'डोळ्यांत पाणी आलं' असं लिहिलं. बैलाला शेवटी चौघांनी शेपूट धरून उठवलं, हे त्या मॅनेजरला कुणी सांगितलं नाही. साडू स्वतः तिथे संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. माझी मेव्हणी 'उत्पादन प्रमुख' आहे. जंगलातून फुलं वेचून आणणाऱ्या मंगरीबाईंना त्यांनी 'कच्चा माल विभाग' करून टाकलं. ते ऐकून त्या म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "विभाग कुठी हाय? मी तं इथी एकटीच बसून राह्यली." आमच्या एका चुलत्यांच्या तेरवीला जेवणाच्या पंगतीत साडूंनी पानापानाशी कार्ड ठेवलं. मी डोळे वटारले, तर हळूच म्हणतात, "भाऊ, एवढे लोक एका जागी पुन्हा कव्हा भेटतीन?"

आता एक गोष्ट कबूल करतो. लाडू खरंच चांगले असतात. यंदा गावातल्या अकरा बायांनी उन्हाळाभर फुलं वेचली, वाळवली, भाजली, कुटली आणि चार पिंपं भरून लाडू वळले, ते केवळ साडूंच्या शब्दावर. पाऊस लागला की नाला फुगतो, गाव तुटतं आणि दमट हवेत लाडवाला बुरशी धरते. म्हणजे जे काही विकायचं ते रस्ता बंद होण्याआधी. बाजाराच्या दिवशी भामरागडला आलेल्या मेव्हणीनं तिथून माझ्या बायकोला फोन केला. "ताई, आमच्या यांनी तिकडं बैलावर लिहिणं चालवलं हाय आन् इथी पिंपं तशीच हायत. यंदा माल पडून राह्यला तं बाया पुन्हा आमच्या दारात पाय नाई ठेवणार." तिचा आवाज रडवेला होता.

साडूंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणूनच त्यांनी आपली सर्वांत मोठी जाहिरात सोडली. फोटोत मोहफुलांचा हा मोठा ढीग आणि वर ठळक अक्षरांत 'मोहाचा अस्सल आनंद, आता घरपोच'. लाडू हा शब्द लिहायचा राहून गेला. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि मोहाचा आनंद म्हटल्यावर इथल्या माणसाला लाडू आठवत नाही. धडाधड विचारणा सुरू झाली. टोपली वरखाली करून साडूंचे खांदे भरून आले, तेव्हा त्यांनी फोनलाच एक ठरलेलं उत्तर शिकवून ठेवलं: 'हो, उपलब्ध आहे. पत्ता पाठवा. आपला विश्वास, आमची परंपरा.' मग कुणी 'बाटली की कॅन?' विचारो, कुणी 'पहिल्या धारेची का?' विचारो, फांदीवरून सगळ्यांना एकच आश्वासन जाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी असंच आश्वासन मिळालेले एक पोलीस जमादार मोटरसायकलवरून झाडाखाली हजर झाले.

"दारू विकून राह्यले का?"

"नाई साहेब. लाडू."

"मंग 'हो, उपलब्ध आहे' काऊन लिहिलं?"

"ते मी नाई लिहिलं. फोननं लिहिलं."

"असं? मंग बोलवा त्याले खाली."

साडूंनी निमूटपणे टोपली खाली घेतली. जमादारांनी सगळं वाचलं, एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला आणि रोख पैसे देऊन किलोभर बांधून घेतले. त्या जाहिरातीचं एवढं एकच खरं गिऱ्हाईक. जाताना उत्तरात दुरुस्ती करायला लावली, ती झाली: 'हो, उपलब्ध आहे (दारू नाही, लाडू). पत्ता पाठवा. आपला विश्वास, आमची परंपरा.' त्यानंतर कुणी पत्ता पाठवला नाही. पण आधी आलेल्या पत्त्यांवर साडूंनी इमानदारीनं लाडूच पाठवले. त्यातले बहुतेक घेणाऱ्यांनी दारातूनच परत केले. पिंपं राहिली ती राहिलीच, आणि पाऊस आला.

नाल्याला पूर आला, रस्ता गेला, टॉवरही गेला. आवाज मी बंद केला होता, तरी सवयीनं सकाळी फोन पाहायचो. सुप्रभात नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. बायको बहिणीच्या काळजीनं जेवेना. मी तिला धीर देत होतो आणि हळूच सातही गटांचा आवाज सुरू करून ठेवला होता. तीन वर्षं ज्या माणसाच्या नमस्काराला शिव्या घातल्या, त्याच्या नमस्काराची मी वाट पाहत होतो. मला त्यांची काळजी वाटत होती.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजू लागला तो थांबेना. साडूंनी रोज लिहिलं होतं. सिग्नल नसताना, फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून, टोपली रोज वर चढवली होती.

'सुप्रभात. पाऊस हाय. ऑफिस चालू हाय.'

'सुप्रभात. स्टॉक मर्यादित.'

'सुप्रभात. दुकानातलं पीठ-तांदूळ संपलं. खालच्या टोल्यातल्या घरांत पाणी शिरलं.'

'सुप्रभात. आज एक पिंप उघडलं. बायाईनं घरोघरी वाटलं. लेकरं खाऊन राह्यले.'

'स्टॉक संपला. सगळा. गावातच गेला. मंगरीबाई म्हणे, यंदा लाडू केले ते बरं झालं. पुढच्या साली बाया येतो म्हणतात. सगळे बरे हावोत. तुम्ही कसे आहा?'

बायकोनं ते मोठ्यानं वाचलं आणि पदरात तोंड लपवून रडली. मी चष्मा पुसला आणि त्या शिखर मंचावर आयुष्यात दुसऱ्यांदा लिहायला बसलो. काय लिहावं सुचेना. शेवटी त्यांच्या धंद्याच्या नंबरावर लिहिलं, 'दोन किलो लाडू पाहिजेत.'

क्षणात उत्तर आलं, 'हो, उपलब्ध आहे (दारू नाही, लाडू). पत्ता पाठवा. आपला विश्वास, आमची परंपरा.'

हे साडूंनी लिहिलेलं नाही, फोननं लिहिलं आहे, हे मला कळत होतं. तिथे एकही लाडू उरलेला नाही, हेही कळत होतं. तरी मी पत्ता पाठवला. घर नंबर, गल्ली, मारुतीच्या देवळाची खूण, पिनकोड, सगळं. वीस वर्षं ते याच घरी मुक्कामाला येतात. मग फोन हातात धरून बसून राहिलो. टोपली खाली यायला वेळ लागतो.